डोणीतलं पाणी

डिसेंबरात इथला पाऊस सरळ पडत नाही. ईशान्येकडून तिरका येतो, नवव्या मजल्यावरच्या आमच्या कॉरिडॉरचा कठडा ओलांडतो आणि दारापर्यंतचं सिमेंट भिजवतो. सिंगापूरमधल्या आंग मो किओ वस्तीच्या या ब्लॉकमध्ये आम्ही एकोणीस वर्षं राहतो, त्यामुळे कुठल्या दिवशी चपला आत घ्यायच्या आणि कुठल्या दिवशी नाही हे मला आभाळ न बघता कळतं. परवा मी चपला आत घेत होतो तेव्हा आमच्या मंडळाच्या देसाईंचा मेसेज आला. "यंदा पुन्हा जंगलातल्या जपानी देवळाची सहल काढू या. मागची फाइल तुमच्याकडे असेलच, जशीच्या तशी पाठवा. काय व्यवस्थित केलं होतंत तुम्ही सगळं!"

हातातली चप्पल मी जमिनीवर आपटली. मेधा आतून म्हणाली, "झुरळ का?"

"देसाई," मी म्हणालो.

राग देसाईंचा नव्हता. ते साधे गृहस्थ आहेत, त्यांना काही माहीत नाही. राग "व्यवस्थित" या शब्दाचा होता. ती सहल खरोखरच व्यवस्थित झाली होती. सात वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात माझ्याकडून एकही चूक झाली नाही, आणि म्हणूनच जे झालं ते झालं.

आधी त्या जागेबद्दल सांगतो. मॅकरिची तलावाच्या पश्चिमेच्या अंगाला, दाट झाडीतल्या एका टेकडीवर जपान्यांनी युद्धात एक शिंतो देऊळ बांधलं होतं. शहर ताब्यात घेतल्यावर त्यांनी सिंगापूरचं नाव बदलून स्योनान केलं, म्हणून देवळाचं नाव स्योनान जिन्जा. बांधलं लाकडाचं, पण बांधणारे हात युद्धकैद्यांचे, इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन. त्यांनीच रस्ता काढला, दगड वाहिले, पाण्यावर पूल घातला. जिंकलेल्यांनी हरलेल्यांकडून आपल्या देवाचं घर बांधून घेतलं. तीन वर्षांनी हरायची वेळ आली तेव्हा परत येणारे इंग्रज विटंबना करतील या भीतीने जपान्यांनीच ते मोडून जाळून टाकलं. आता तिथे काही पायऱ्या आहेत आणि एक ग्रॅनाइटची डोणी. गावाकडे गुरांना पाणी पाजायला दगडी डोणी असते, तशीच दिसते. फरक इतकाच की ही माणसांची. देवासमोर जाण्याआधी हात आणि तोंड धुण्यासाठी.

ती जागा आखलेल्या पायवाटांवर नाही. वाट सोडून जंगलात शिरायला बंदी आहे आणि मी बंदी मोडणारा माणूस नाही. मंडळात कुणीतरी म्हणालं, "गुपचूप जाऊन येऊ, कोण बघतंय?" तेव्हा मीच उभा राहून सांगितलं की परवानगी मिळाली तरच जाऊ. अर्ज मी भरला. किती माणसं, किती वाजता, कुठून आत, कुठून बाहेर. एक रकाना होता: सुरक्षिततेसाठी कोणते उपाय केले आहेत? तीन ओळी मोकळ्या होत्या. पहिल्या ओळीत मी प्रथमोपचाराची पेटी लिहिली, दुसरीत बूट सक्तीचे. तिसरी ओळ मोकळी राहिली. मी अकाउंटंट, मला मोकळी ओळ बघवत नाही. मी लिहिलं: वयोमर्यादा सत्तर.

कुणी मागितली नव्हती. पासष्टही लिहिता आलं असतं, काहीच लिहिलं नसतं तरी चाललं असतं. सत्तर हा आकडा मला ठसठशीत वाटला, बस.

शेजारच्या लिम आंटी तेव्हा पंच्याऐंशीच्या होत्या. एकट्या राहायच्या. रोज सकाळी नऊ मजले जिना उतरून बाजारात जायच्या, येताना मात्र लिफ्ट. "खाली जायला फुकट आहे, वर जायला गुडघे लागतात ला," म्हणायच्या. त्यांचं इंग्रजी मी मराठीत लिहितो आहे, पण वाक्याच्या शेवटी येणारा तो इथला "ला" त्यांचाच ठेवतो, त्याशिवाय त्या डोळ्यांसमोर येत नाहीत. माझी मुलगी सई शाळेतून आली की आमच्या घरी कुणी नसायचं, तेव्हा त्यांच्याकडे जेवायची. सहा वर्षं जेवली. आम्ही दिवाळीला चकल्या द्यायचो, त्या चिनी नववर्षाला संत्री द्यायच्या, दोन्हींची संख्या नेहमी सम.

त्यांच्या घरात दारासमोरच लाल दिव्याचा देव्हारा होता आणि त्यात वडिलांच्या नावाची पाटी. एकदा मी विचारलं, पाटीवर तारीख का नाही? "तारीख माहीत नाही ला," त्या म्हणाल्या. "जपानी आले, चायनीज पुरुषांना बोलावलं, मोजलं, काहींना लॉरीत घातलं. बाबा लॉरीत. कुठे नेलं, कोणत्या दिवशी संपलं, कोण सांगणार?" मी त्यांना सांगितलं की आमच्यात ज्यांची तिथी माहीत नसते त्यांच्यासाठी एक अमावास्या राखून ठेवलेली आहे, सर्वपित्री. त्यांना ते फार आवडलं. "तुमचे लोक हुशार. ज्याचा हिशेब लागत नाही त्यालापण दिवस दिला." त्या वर्षी भाद्रपदात मी त्यांना अमावास्येची तारीख कागदावर लिहून दिली. त्यांनी ती देव्हाऱ्यापाशी चिकटवली.

हे सगळं मला माहीत होतं, हे इथे नोंदवून ठेवतो. मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तर त्या डिसेंबरात, शाळेला सुट्टी होती, पाऊस असाच तिरका होता, आणि लिफ्टपाशी आंटींनी मला थांबवलं.

"सई म्हणाली तू जंगलात जपानी देवळाकडे जाणार."

"हो, रविवारी. बावीस जण."

"मी येऊ?"

मी हसलो. आज तो हसण्याचा आवाज आठवला तरी कानशिलं तापतात. "आंटी, वाट चिखलाची आहे, ओढा ओलांडायचाय. आणि नियम आहे, सत्तरच्या वर नाही."

"कोणाचा नियम?"

"अर्जात आहे."

मी खोटं बोललो नाही. अर्जात होता. आंटींनी मान हलवली. "ओके. नियम तो नियम ला." त्यांच्या पिढीला कागदावर लिहिलेल्या नियमाशी भांडायची सवय नव्हती, कागदाने त्यांना फार लहानपणी गप्प केलं होतं. लिफ्ट आली. आत शिरताना मी वर म्हणालो, "तुमच्यासाठी काहीतरी घेऊन येईन हं!"

सहल छान झाली. हा राग लिहिताना मला हेही लिहावं लागतं. सकाळी पाऊस थांबला होता. ओढ्यात घोट्यापर्यंत पाणी होतं. झाडांची मुळं पायऱ्यांवरून उतरली होती. वर पोचलो तर डोणी, शेवाळलेली, पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली, तळाशी पानं. मग मी घडी केलेला कागद काढला आणि मोठ्याने वाचू लागलो. शिंतो पद्धतीने हात कसे धुतात: उजव्या हातात ओगराळं धरून आधी डावा हात, मग डाव्यात धरून उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ. चूळ डोणीत नाही, बाजूला. शेवटी ओगराळं उभं करून उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू द्यायचं, पुढच्या माणसासाठी.

ओगराळं कुणाकडे नव्हतं. देसाईवहिनींनी पर्समधून पळी काढली. पूजेची, तांब्याची. "म्हटलं देवळात चाललोय, असू दे." टाळ्या पडल्या. पावसाचं साचलेलं पाणी, तरी बावीस जणांनी पळीपळीने डावा हात धुतला, उजवा धुतला, काहींनी चूळही भरली. कुणीतरी वाटेत खुडलेलं जास्वंदीसारखं लाल फूल डोणीच्या काठावर ठेवलं. "देव कुणाचाही असो," एक जण म्हणाले, आणि सगळ्यांचे हात जुळले. माझेही. आपले हात किती चटकन जुळतात! झाडाला शेंदूर दिसला की जुळतात, दगडाला फूल दिसलं की जुळतात. त्या दगडाला तिथे कुणी वाहून आणलं, कुणाच्या पाठीवर, हे विचारायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा ते थांबत नाहीत.

मी व्हिडिओ काढला. मग नेहमीच्या सवयीने टेप काढून डोणीची मापं घेतली, लांबी, रुंदी, उंची, काठाची जाडी, आणि वहीत लिहिली. कुठल्याही जुन्या वास्तूपाशी गेलो की मी मोजतो. आणि मग आणखी एका सवयीने पाण्याची रिकामी बाटली डोणीत बुडवून भरून घेतली.

काशीला कुणी गेलं की जे जाऊ शकले नाहीत अशा म्हाताऱ्यांसाठी गंगेचा गडू आणतात. माझ्या आईने असाच एक गडू शेवटपर्यंत जपला. लिम आंटींना येता आलं नाही, मग त्यांच्यासाठी पाणी न्यावं, याहून मोठा मान मला सुचला नाही. यात थट्टा नव्हती. मी ती बाटली बॅगेत उभी ठेवून, झाकण दोनदा तपासून, बसमध्ये मांडीवर धरून आणली.

आंटी कॉरिडॉरमध्ये झाडांना पाणी घालत होत्या. मी आधी व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण बघितला. मग मी दोन्ही हातांनी बाटली पुढे केली. "तिथलं पाणी. तुमच्यासाठी."

त्यांनी बाटली उजेडात धरली. "डासांचं पाणी," म्हणाल्या. झाकण उघडलं आणि सगळं पाणी कठड्याखालच्या गटाराच्या खाचेत ओतलं. शेवटचा थेंब निघेपर्यंत बाटली उलटी धरून हलवत राहिल्या. मग आत गेल्या. साबणाने हात धुतल्याचा आवाज आला, बराच वेळ. बाहेर आल्या तेव्हा बाटली विसळून आणली होती. "चांगली बाटली आहे, टाकू नको ला." आणि दार लावून घेतलं.

मला राग आला. त्यांचा! घरी येऊन मी मेधाला म्हणालो, "एवढ्या श्रद्धेनं आणलं, आणि गटारात ओतलं. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला इतकी रीत नसावी?"

सई टेबलाशी बसून नूडल्स खात होती. चौदा वर्षांची. मान वर न करता म्हणाली, "पपा, यू सीरियस? यू ब्रॉट हर दॅट वॉटर?"

"म्हणजे काय?"

"शी ड्रँक इट लाँग टाइम अगो. एव्हरीबडी इन माय क्लास नोज, शी टोल्ड मी फॉर माय हिस्टरी प्रोजेक्ट. यू ऑल्सो नेव्हर आस्क."

मेधाने माझ्याकडे बघितलं.

चार दिवस आंटींचं दार बंद राहिलं. पाचव्या दिवशी मी घंटा वाजवली आणि म्हणालो, "मी विचारायला आलोय." त्या म्हणाल्या, "उशीर केलास. बस."

युद्धात त्या नऊ वर्षांच्या होत्या. शाळेत जपानी शिकवायचे. एका उत्सवाला पोरींना रांगेने त्या देवळाकडे नेलं. उन्हात खूप चालल्या. कोणाला पाणी दिलं नाही. डोणीपाशी शिपाई उभा होता, शिक्षिका ओगराळ्याने एकेकीच्या हातावर पाणी घालत होती. डावा, उजवा, मग चूळ. सगळ्यांनी चूळ थुंकली. नऊ वर्षांची लिम तहानलेली होती, तिने पाणी गिळलं. ओंजळ पुढे करून अजून मागितलं. शिक्षिकेने तिच्या तोंडात मारली. शिपायाने मारायच्या आधी तिने मारली, हे आंटींनी मला दोनदा सांगितलं, त्या शिक्षिकेवर अन्याय होऊ नये म्हणून. मग सगळ्या जणी देवळासमोर कमरेत वाकल्या.

"त्या आधी एक वर्ष बाबा गेलेले," आंटी म्हणाल्या. "आई रोज भांड्यात त्यांचा भात ठेवायची. देवळातून आले त्या दिवसानंतर तिने ठेवणं बंद केलं. आपोआप, तिला कोणीतरी काहीतरी सांगितलं असेल. पण मला वाटलं, माझ्यामुळे. मी त्यांच्या देवाचं पाणी चोरून प्यायले, म्हणून त्यांनी बाबांना सोडलं नाही."

"आंटी, तुम्हाला माहीत आहे की तसं नाही."

"इथे माहीत आहे." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "इथे नाही ला." घशाला लावलं. "म्हणून मला तिथे जायचं होतं. पूजा नाही करायची. बघायचं होतं. मोडलंय की नाही. दगडच आहे की नाही."

मी सांगितलं की सत्तरची ओळ कोणी मागितली नव्हती, ती माझी होती. हे न सांगता उठणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझा नियम?" म्हणाल्या. मग हसल्या. "अकाउंटंट."

मी दुसऱ्या दिवशी नवा अर्ज भरला. तीन माणसं: मी, सई, आंटी. वयोमर्यादेची ओळ मोकळी. परवानगी जानेवारीच्या शेवटी आली. त्याआधी नऊ दिवस आंटी बाजाराच्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि खुबा मोडला. त्यानंतर त्या वॉकरशिवाय उभ्या राहिल्या नाहीत. पंच्याऐंशी वर्षांत एकच डिसेंबर असा होता की वाटही उघडी होती, पायही चालत होते आणि शेजारी नेणारं माणूसही होतं. तो मी एका मोकळ्या ओळीसाठी खर्च केला.

राग कुणावर काढायचा? मी खूप शोधलं. कामानिमित्त जपानला गेलो तेव्हा एका गल्लीतल्या छोट्या देवळात गेलो होतो. तिथेही तशीच डोणी, वाहतं पाणी, बांबूचं ओगराळं. एक आजी नातीला शिकवत होती, आधी डावा, मग उजवा. नातीने पाणी गिळलं आणि आजी खदखदून हसली. ती परंपरा निर्मळ आहे, तिच्यावर राग धरता येत नाही. तेच पाणी, तोच घोट. एका पोरीला हसू मिळालं, दुसरीला थप्पड. फरक ओगराळ्यामागे उभ्या असलेल्या बंदुकीचा. आणि आता बंदूक नाही म्हणून लोक त्या जंगलातल्या डोणीचे फोटो टाकतात आणि खाली लिहितात, किती शांत जागा, किती सकारात्मक ऊर्जा! मला ती वाक्यं वाचून ओरडावंसं वाटतं. मग आठवतं की आमच्या व्हिडिओखाली असं पहिलं वाक्य मीच लिहिलं होतं.

त्या मार्चमध्ये, पाऊस संपल्यावर, एका शनिवारी सकाळी मी वही काढली. पांढऱ्या चिकटपट्टीने आंटींच्या दारासमोरच्या सिमेंटवर डोणीची लांबीरुंदी आखली, मिलिमीटर चुकू न देता. आतल्या बाजूने काठाची जाडी. भिंतीवर उंचीची रेघ. सईने आंटींना वॉकरसकट बाहेर आणलं.

"हे काय?"

"तीच. खऱ्या मापाची. तुम्हाला नेता येत नाही, म्हणून."

त्यांनी आधी भिंतीवरची रेघ बघितली, मग खालचा चौकोन. भोवती फिरल्या, हळूहळू, वॉकर टेकत, चारही बाजूंनी. मला वाटलं रडतील. त्यांच्या तोंडावर राग होता. माझ्या रागापेक्षा किती जुना, किती चांगल्या कारणाचा.

"एवढीच?" त्या म्हणाल्या.

"एवढीच."

"मला विहिरीएवढी आठवते." त्यांनी वॉकर उचलला आणि पट्टीच्या आत टेकवला. मग एक पाय आत ठेवला. मग दुसरा. मधोमध उभ्या राहिल्या, घरातल्या रबरी सपाता घालून, आणि घसा खाकरला. सई पटकन म्हणाली, "आंटी, डोन्ट स्पिट ला, फाइन!" थुंकलं की इथे दंड होतो. आंटी इतक्या हसल्या की आम्हाला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं.

मग त्या म्हणाल्या, "काढ आता. कोणीतरी अडखळेल."

मी पट्टी काढली. गोंद राहिला.

आंटींना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची तारीख माहीत आहे, तरी मी सर्वपित्रीलाही त्यांच्या वडिलांबरोबर त्यांचं नाव घेतो. त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं.

देसाईंना मी काल फाइल पाठवली. वयोमर्यादेची ओळ काढली आहे. हात धुण्याची पद्धत काढली आहे. आंटींनी मला सांगितलेलं एका पानात लिहून जोडलं आहे, डोणीपाशी मोठ्याने वाचण्यासाठी, आणि खाली सूचना: वाचताना हात जोडू नयेत, पाणी आणू नये. देसाईंचा लगेच फोन आला. "अहो, पण मग तिथे जाऊन करायचं काय?"

"उभं राहायचं," मी म्हणालो. "आणि ऐकायचं."

"बरं," देसाई म्हणाले. मग म्हणाले, "पान मी वाचलं. हिला अजून दाखवलेलं नाही. पळी तिची होती ना."

आज चौथा दिवस पाऊस आहे. सिमेंट ओलं झालं की गोंदात बसलेली सात वर्षांची धूळ काळी पडते आणि आंटींच्या दारासमोर डोणीचा चौकोन वर येतो, चारही कोपरे काटकोनात. नव्या शेजाऱ्यांना तो कसला आहे हे माहीत नाही. त्यांना वाटतं आधीच्या लोकांनी चपलांसाठी जागा आखून ठेवली असावी. ते रोज त्यात चपला काढतात, दोन जोड, कधी पाहुण्यांच्या मिळून सहा. मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.